शेवट माहीत, तरी बटण दाबा

आजचा विषय व्हिडिओ गेम. ‘आता हेच राहिलं होतं’ म्हणत पान उलटायला निघालेल्या ज्येष्ठांनी जरा दम धरावा. नागपुरात बसून कशावरही लिहायला घ्या, गाडी फिरून फिरून विधान भवनापाशीच येते. आजही येईल.

तर गेम असा. पॅरिसच्या डोंटनॉड नावाच्या कंपनीनं २०१५ साली ‘लाइफ इज स्ट्रेंज’ काढला. जानेवारी ते ऑक्टोबर, पाच भागांत, मालिकेसारखा हप्त्याहप्त्यानं. यात कुणाला गोळ्या घालायच्या नाहीत की गाड्या पळवायच्या नाहीत. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातलं आर्केडिया बे नावाचं काल्पनिक गाव, तिथे फोटोग्राफी शिकणारी अठरा वर्षांची मॅक्स, आणि तिच्यापुढे घडोघडी येणारे पर्याय. हे बोलू की ते? मैत्रिणीची बाजू घेऊ की गप्प बसू? आपण एक निवडायचा, गोष्ट तिकडे वळते. मोठा निर्णय घेतला की पडद्याच्या कोपऱ्यात फुलपाखरू फडफडतं आणि सूचना येते: या कृतीचे परिणाम होतील. आपल्याकडे अशी सूचना सिगारेटच्या पाकिटावर असते. मतदान यंत्रावरही असायला हरकत नव्हती.

मॅक्सकडे एक जादू आहे. तिला वेळ मागे फिरवता येतो. बोलून पस्तावलात? मागे जा, दुसरं बोला. तिची जुनी मैत्रीण क्लोई, निळ्या केसांची, साऱ्या जगावर चिडलेली. ही क्लोई रेचेल नावाच्या पोरीला शोधतेय. रेचेल हरवली आहे, गावभर तिच्या फोटोचे कागद डकवलेले आहेत. पुढे कळतं की रेचेल जिवंत नाही. गेमला दहा वर्षं उलटून गेली आहेत, त्यामुळे शेवट फोडला म्हणून कुणी माझ्या घरावर मोर्चा आणू नये. मोर्चासाठी यशवंत स्टेडियम आहे.

गेम चालला. चाललेल्या मालाचा पुढचा भाग निघतो हा बाजाराचा नियम. पण इथे पुढे जायची वाटच अवघड होती. खेळणाऱ्यानं शेवटी क्लोईला वाचवायचं की गावाला, असा पेच टाकून गोष्ट संपवलेली. एकाच्या लॅपटॉपवर पोरगी मेलेली, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर गाव वादळात उद्ध्वस्त. मग प्रकाशकांनी शहाण्यासारखं केलं. पुढे जाता येत नाही तर मागे जा. २०१७ साली ऑगस्ट ते डिसेंबर, तीन भागांत ‘बिफोर द स्टॉर्म’ आला. बनवणारे वेगळे, कोलोरॅडोचे डेक नाइन. गोष्ट पहिल्या गोष्टीच्या तीन वर्षं आधीची. साल २०१०, क्लोई सोळाची, बाप अपघातात गेलेला, मॅक्स गाव सोडून सिअॅटलला, आणि रेचेल जिवंत, हसती-बोलती. वेळ मागे फिरवायची जादू मात्र गायब. क्लोईला ती येत नाही. बोललेलं बोललेलं, दाबलेलं दाबलेलं.

आता गंमत बघा. ज्या जातीचा गेम ‘तुमच्या निर्णयावर गोष्ट ठरते’ या एका वाक्यावर विकला जातो, त्या जातीत अशी गोष्ट आणली की जिचा शेवट दोन वर्षांपूर्वीच विकून झालेला. तुम्ही रेचेलशी मैत्री करा, प्रेम करा, भांडा, तिच्यासाठी जीव टाका. तीन वर्षांनी तिच्या फोटोचा कागद खांबावर लागणारच. तरीही दर वळणावर गेम अदबीनं विचारतो: बोला, काय निवडता?

इथे नागपूरकराचे कान टवकारले पाहिजेत. आवाज ओळखीचा आहे.

०००

माझा भाचा धरमपेठेत राहतो. इंजिनिअरिंगच्या अभ्यासासाठी घेतलेल्या लॅपटॉपवर तो हा गेम खेळत होता. दोन पर्याय समोर, गडी मघापासून गालाला हात लावून बसलेला.

“याचा शेवट माहीत आहे नं तुला?” मी विचारलं.

“हो मामा, पहिला गेम खेळलोय नं.”

“पोरगी वाचत नाही नं?”

“नाही वाचत.”

“मग कायले एवढा विचार करून राहिला बे? दाब कोणतंही.”

त्यानं मान वर केली. “मामा, पुढे काय होणार हे मला माहीत आहे. तिला कुठे माहीत आहे? आत्ता तर ती समोर आहे. आत्ता तिच्याशी नीट वागायचं की नाही?”

एकविसाव्या वर्षी पोरगा असं बोलतो आणि सेमिस्टरला दोन विषय मागे ठेवतो. शिक्षणपद्धतीवर लिहीन कधीतरी.

पण त्याचं बोलणं खोटं नाही. शेवट माहीत असलेली गोष्ट बघायला आपल्या लोकांना कधी कुणी शिकवावं लागलं नाही. झाडीपट्टीत जा. दिवाळी आटोपली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत नाटकं उभी राहतात. वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं रांगेनं थाटलेली असतात. थंडीत घोंगडी घेऊन लोक रात्रभर बसतात. पोरीचा संसार मोडणार हे पहिल्या अंकात कळतं, दारुडा बाप शेवटी रडणार हे तिकीट काढतानाच कळतं. तरी पहाटेपर्यंत कुणी उठत नाही. याच रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. प्रेक्षक शेवटासाठी येतच नाही. कोण कसा वागला, वेळेला कुणाच्या तोंडून शब्द फुटला आणि कुणाची दातखीळ बसली, हे बघायला येतो.

‘बिफोर द स्टॉर्म’ही याच प्रेक्षकाच्या भरवशावर उभा आहे. त्यानं खेळणाऱ्याची फसवणूक केलेली नाही. पाकिटावरच छापलंय की ही आधीची गोष्ट आहे. शेवट आमच्या हातात, वागणं तुमच्या. करार सरळ आहे.

करार म्हटल्यावर गाडी आली बघा विधान भवनापाशी.

०००

२८ सप्टेंबर १९५३. नागपूर करार. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, गोपाळराव खेडकर आदी मंडळींनी सह्या केल्या. कलमं अकरा. सरकार दरवर्षी ठराविक काळ नागपुरात मुक्काम हलवील, विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन नागपुरात भरेल, नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, शिक्षणात वाटा, विकासाच्या पैशात वाटा. वाचताना जीव कसा सुखावतो. गेमच्या पहिल्या पडद्यासारखंच सगळं: पर्याय आहेत, तुमचं मत मोलाचं आहे, पुढे बटण दाबा.

त्याआधीचं थोडं. १ ऑक्टोबर १९३८ रोजी मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेनं वेगळ्या विदर्भाचा ठराव केलेला होता. म्हणजे पर्याय एकदा दाबून झालेला. करारानंतर दोन वर्षांनी, १९५५ साली, फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगानंही स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. म्हणजे पर्याय दुसऱ्यांदा दाबून झाला, तोही केंद्रानंच नेमलेल्या हातांनी. फुलपाखरू फडफडलं. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. नागपूरला राजधानी होती, तिची उपराजधानी झाली. हायकोर्ट होतं, त्याचं खंडपीठ झालं. आम्ही समजत होतो की गेमचा पहिला भाग चालू आहे. चालू होती आधीची गोष्ट.

वेगळा विदर्भ व्हावा की न व्हावा, हा या सदराचा विषय नाही. त्यावर ज्याचं त्याचं मत आहे आणि इतवारीतल्या प्रत्येक दुकानात ते मोफत मिळतं. विषय हा की शेवट ठरलेला असताना पर्यायांचा पडदा किती वर्षं झळकत ठेवायचा. १९९७ साली भुवनेश्वरला भाजपच्या कार्यकारिणीनं वेगळ्या विदर्भाचा ठराव केला. २००० साली दिल्लीत त्यांचंच सरकार होतं. नोव्हेंबरच्या एका महिन्यात छत्तीसगड, उत्तराखंड, झारखंड अशी तीन राज्यं झाली. विदर्भाच्या वाट्याला ठराव राहिला. काँग्रेसकडेही कमी नव्हतं. वसंत साठे, एन. के. पी. साळवे यांनी दिल्लीत मंत्रिपदं भूषवली आणि वेगळ्या विदर्भाचा झेंडाही हाती धरला. राज्य काही आलं नाही. एका पक्षाकडे बटण होतं, दुसऱ्याकडेही होतं. तार जोडलेली कुणाकडेच नव्हती.

‘बिफोर द स्टॉर्म’मध्ये क्लोईचा आवाज बदललेला आहे. अमेरिकेत आवाज देणाऱ्या कलाकारांचा संप चालू होता, म्हणून मूळची अॅशली बर्च बाहेर राहिली, तिनं संवादांसाठी सल्लागार म्हणून मदत केली आणि माइकपुढे रियाना डिव्राइज आली. चाहत्यांनी फार कुरकुर केली. आम्हाला नवल वाटलं नाही. विदर्भाचा आवाज दर निवडणुकीनंतर बदलतो, तेही संप नसताना. सत्तेबाहेर असताना घशातून निघतो, सत्तेत गेल्यावर नाकातून.

०००

गेममधली सगळ्यात नागपुरी गोष्ट आता सांगतो. क्लोईला जादू येत नाही, पण उलट बोलता येतं. गेममध्ये त्याची रीतसर लढाई लावली आहे. सुरुवातीलाच ती एका पडक्या लाकूड गिरणीत चाललेल्या गाण्याच्या कार्यक्रमाला जाते. दारावर दांडगा पहारेकरी. तो म्हणतो, पोरीबाळींचं इथे काम नाही. आता घड्याळ सुरू. पडद्यावर उत्तरं येतात, वेळ भराभर सरतो, आणि समोरच्यानं नुकताच तोंडातून काढलेला शब्द पकडून त्यालाच परत मारणारं उत्तर शोधायचं. नुसता राग उपयोगी नाही. कान उघडे हवेत. शब्द पकडला की गुण तुमचा, सुटला की त्याचा. हरलात तरी गेम संपत नाही, गोष्ट लंगडत का होईना पुढे जाते.

हे कौशल्य विकत घ्यायला अमेरिकेची कंपनी लागते हे वाचून महालातला माणूस पोट धरून हसेल. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काळी आणि पिवळी मारबत आणि त्यांच्यामागे बडगे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, त्या वर्षी ज्यानं शहराला छळलं त्याचा बडग्या. गल्लीगल्लीतून त्याचा उद्धार करत, इडापीडा त्याच्या डोक्यावर लादत मिरवणूक जाते आणि शेवटी पुतळा जळतो. एकोणिसाव्या शतकापासून हे चालू आहे. उलट उत्तराचा इतका जुना सार्वजनिक सराव असलेलं दुसरं शहर दाखवा.

आणि हेच शहर डिसेंबरात काय करतं? हिवाळी अधिवेशन आलं की रस्त्यांवरचे खड्डे बुजवतं, दुभाजक रंगवतं, हॉटेलचे दर वाढवतं आणि हुरडा पार्टीची यादी करतं. मारबतीच्या दिवशी फुटलेला कंठ अधिवेशनात ‘साहेब, जरा एक काम होतं’ इतका मऊ होतो. पहारेकऱ्यासमोर क्लोई उभी राहिली तशी आमची माणसं उभी राहतात, पण पहारेकऱ्याच्या ओळखीचा कुणी सापडतो का, हे बघायला.

सभागृहातलीही उलट उत्तरं ऐका. समोरच्याचा शब्द पकडून त्यालाच परत मारायचा हे तिथे सगळ्यांना येतं. ‘तुमच्या काळात काय झालं?’ हे एकच उत्तर सगळ्या प्रश्नांना लागू पडतं. गेममध्ये एकच उत्तर सारखं दाबलं तर हार ठरलेली. इथे त्यावर पाच वर्षं निघतात.

०००

गेमच्या दर भागाच्या शेवटी एक पडदा येतो, तो मला फार आवडतो. तुम्ही कुठे काय निवडलं आणि जगभरच्या खेळणाऱ्यांपैकी किती टक्क्यांनी काय निवडलं, याचा हिशेब. दुबळ्याच्या बाजूनं उभं राहणारे किती, बघून पुढे जाणारे किती. तुमचं नाव कुणाला दिसत नाही, पण तुमचं तुम्हाला दिसतं.

आमच्या सभागृहात बहुतेक गोष्टी आवाजी मतदानानं उरकतात. ‘होय’चे बहुमत, ‘होय’चे बहुमत, मंजूर. कोण ‘होय’ म्हणालं, कोण खोकलं, कोण त्या वेळी उपाहारगृहात होतं, काही कळत नाही. शिवाय १९८५ पासून पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आहे. पक्षानं व्हिप काढला की आमदारासमोर पर्याय दोन दिसतात खरे, त्यातला एक दाबला तर आमदारकी जाते. आमदारही बिचारा आधीच्या गोष्टीतलाच खेळाडू. आपण त्याच्याकडे बटण समजून बघतो, तो आपल्याकडे मतदार समजून बघतो.

टक्केवारी आम्हीही जाणतो, पण ती वेगळी.

करारातलं अधिवेशनाचं कलम तेवढं इमानानं पाळलं गेलं, असं म्हणायची पद्धत आहे. पण २०२० आणि २०२१ साली हिवाळी अधिवेशन मुंबईतच झालं. २०२४ साली १५ डिसेंबरला नागपुरात मंत्र्यांचे शपथविधी झाले, १६ ते २१ अधिवेशन झालं, पिशव्या भरल्या, विमानं उडाली. सहा दिवसांत विदर्भाचे प्रश्न सुटले असावेत, नाहीतर इतकी घाई कुणी केली नसती. २०१८ साली तर पावसाळी अधिवेशनच नागपुरात घेतलं. ६ जुलैला असा पाऊस झाला की विधान भवनाच्या वीजपुरवठ्याच्या खोलीत पाणी शिरलं, दिवे गेले आणि कामकाज थांबलं. वादळाआधीची गोष्ट सांगणारे पुष्कळ, हे थेट वादळात जाऊन बसले. त्या दिवशी विदर्भाच्या अंधाराची दखल सभागृहानं प्रत्यक्ष घेतली, हे कुणी नाकारणार नाही.

वेळ मागे फिरवायची जादू सरकारला मात्र येते. १९८४ साली दांडेकर समितीनं विकासाचा अनुशेष मोजला, विदर्भाचा साडेबाराशे कोटींच्या घरात निघाला. तो भरायचा म्हणून १९९४ साली घटनेच्या ३७१(२) कलमाखाली विकास मंडळं आली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. मॅक्सनं हात वर केला की पडद्यावरचं सगळं उलटं सरकतं, सांडलेला चहा कपात जातो. इथे मंडळं फाइलीत गेली. फरक इतकाच की मॅक्सला मागे जाऊन आल्यावर घडलेलं आठवत राहतं.

०००

आता या सगळ्यातला खरा लबाडीचा भाग. शेवट आधीच ठरला होता, हे वाक्य.

२०२२ चा सप्टेंबर. राज्याच्या उद्योगमंत्र्यांनी सांगितलं की टाटा-एअरबसचा लष्करी वाहतूक विमानांचा प्रकल्प नागपुरात, मिहानमध्ये येईल. आम्ही पेढ्यांचे भाव विचारून ठेवले. ऑक्टोबरात कळलं की प्रकल्प वडोद्याला. ३० ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते तिथे पायाभरणी झाली. मग विरोधक म्हणाले, तुमच्यामुळे गेला. सत्ताधारी म्हणाले, तुमच्या काळात २०२१ सालीच तिकडे ठरलं होतं. आता हे खरं धरलं तर दुसरा प्रश्न उभा राहतो. २०२१ साली शेवट लिहून झाला होता, तर २०२२ च्या सप्टेंबरात आम्हाला कुठला पर्याय दाखवत होतात? आणि खोटं धरलं तर तिसरा. पण दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या अंगावर शेवट ढकलला आणि मधल्या महिन्यातलं वागणं कुणीच आपलं म्हणून घेतलं नाही.

इथे भाच्याचं म्हणणं उपयोगी पडतं. शेवट तुमच्या हातात नव्हता, मान्य. वागणं कुणाच्या हातात होतं?

ते किती हातात असतं, हे या शहरानं एकदा पाहिलेलं आहे. २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन चालू. गोवारी समाजाचा मोर्चा आला. मागणी अनुसूचित जमातीत समावेशाची. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ मोर्चा अडवला. विधान भवन हाकेच्या अंतरावर. कुणीतरी मंत्री येईल, निवेदन घेईल, म्हणून माणसं बसून राहिली. दिवस मावळतीला आला. मग गोंधळ, लाठ्या, पळापळ, चेंगराचेंगरी. ११४ माणसं गेली, बायका आणि लेकरं जास्त.

त्या मागणीचा निकाल एका मंत्र्याच्या हातात त्या संध्याकाळी नव्हता. तो पुढे कोर्टात गेला. २०१८ साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं समाजाच्या बाजूनं कौल दिला, २०२० साली सुप्रीम कोर्टानं तो फिरवला. म्हणजे शेवटाच्या भाषेत बोलायचं तर बाहेर येऊन निवेदन घेतलं असतं तरी जमातीच्या यादीत ओळ वाढली नसती. पण हाकेचं अंतर चालून यायचं की नाही, हा पर्याय कुठल्या आयोगानं, कुठल्या कोर्टानं, कुठल्या दिल्लीनं ठरवलेला नव्हता. तो पूर्ण मोकळा होता. आणि ११४ माणसांचं मरण यादीतल्या ओळीवर नाही, त्या मोकळ्या पर्यायावर अडकलेलं होतं. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव दिलं आहे. अधिवेशनाला येणारे ताफे त्याच्यावरून भरधाव जातात.

म्हणून शेवट ठरलेला असतो या सबबीवर माझा राग आहे. शेवटाची सबब सांगणारा माणूस आपल्या वागण्याचा हिशेब टाळत असतो. गेमनं ही सोय ठेवलेली नाही. रेचेल मरणार हे छापील असूनही तो दर वळणावर तुम्हाला उभं करतो आणि भागाच्या शेवटी तुमच्या वागण्याची यादी तुमच्यापुढे ठेवतो. सोळा वर्षांच्या पोरीची गोष्ट सांगणाऱ्या गेमला जेवढी लाज आहे, तेवढी अपेक्षा साठी ओलांडलेल्या राज्याकडून करायला हरकत नसावी.

०००

‘बिफोर द स्टॉर्म’चा शेवटचा मोठा पर्याय सांगून थांबतो. रेचेलचा बाप गावातला बडा सरकारी वकील. त्यानं एक काळंबेरं लपवलेलं आहे आणि ते क्लोईला कळलं आहे. आता क्लोईनं रेचेलला खरं सांगायचं, की तिला दुखवायला नको म्हणून गप्प बसायचं? दोन्ही वाटा रेचेलच्या त्याच कागदापाशी जातात. खेळणारे मात्र यावर अजून हमरीतुमरीवर येतात. कारण तीन वर्षं उरलेल्या माणसाला ती तीन वर्षं खऱ्यात जगू द्यायची की खोट्यात, हा प्रश्न शेवटाच्या बाहेरचा आहे.

तेव्हा येत्या अधिवेशनासाठी आमची मागणी फार लहान आहे. तिला खर्च नाही, निधी नाही, समिती नाही. शेवटच्या दिवशी उपाहारगृह बंद व्हायच्या आत मुख्यमंत्री आणि विरोधी पक्षांच्या नेत्यांनी एकत्र उभं राहून सांगावं: वेगळं राज्य देणार आहोत की नाही, अनुशेष भरणार आहोत की नाही, विकास मंडळं परत आणणार आहोत की नाही. ‘नाही’ असेल तर ‘नाही’ म्हणावं. नागपूरकर रागावणार नाही. सत्तर वर्षं ‘विचाराधीन’ ऐकून त्याचे कान किटले आहेत, एखादा स्पष्ट नकार आला तर तो सत्कार ठेवील. दर २८ सप्टेंबरला कराराच्या प्रती जाळणाऱ्यांचाही कागदाचा खर्च वाचेल.

आणि हे जमत नसेल तर दुसरा पर्याय आहेच. या, राहा, हुरडा खा, जा. फक्त जाताना हॉटेलचं बिल स्वतः भरा. या कृतीचे परिणाम होतील.